पोळपाटावरील सांचा : ओस्तीच्या सांडशीपासून टाकाऊ डब्याच्या पत्र्यापर्यंत

महोत्सवाच्या पुस्तकांत देवळाची कोनशिला केव्हां बसली, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, याची हकीकत यावयाचीच. आणि तें योग्यच आहे. आम्ही मात्र वाचकांस थोडा वेळ देवळाच्या दारांतून स्वयंपाकघराच्या दाराकडे नेणार आहों. नाताळच्या आधल्या आठवड्यांत पोळपाटावर लाटलेल्या पिठाच्या पोळींतून तारा, घंटा, मासा, कोंकरूं असे बिस्किटांचे आकार कापून काढण्याकरितां जो एक पत्र्याचा सांचा वापरतात, त्याचा इतिहास सांगण्याचें आम्हीं मनांत आणलें आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरांत नाताळचा फराळ होतो त्या घरांतील मुलांस विचारलें तर कोनशिलेपेक्षां या वस्तूचें महत्त्व तीं अधिक सांगतील, आणि त्यांत त्यांचें अगदींच चुकतें असें आम्हांस वाटत नाहीं.

या विषयाकडे वळण्यास आणखी एक कारण आहे. असे सांचे म्हणजे बाजारांतून पेटीबंद आणावयाची वस्तु. पैसे असतील त्यानें आणावी, नसतील त्यानें वाटी उपडी घालून गोल चकत्या पाडाव्या व समाधान मानावें, अशी समजूत हल्लीं बरीच रूढ झाली आहे. इतिहास पाहिला तर गोष्ट नेमकी उलटी आहे. जोंवर आकार देण्याचें साधन ही कारागिराकडून मोल देऊन करवून घ्यावयाची वस्तु होती, तोंवर तें मठाच्या, संघाच्या व धनिकाच्या घरीं राहिलें. गरिबाच्या पोळपाटावर तें आलें तें टाकून दिलेल्या पत्र्याच्या रूपानें.

पिठावर खूण उठविण्याची कल्पना फार जुनी. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकांत हर्क्युलेनियम नांवाचें रोमन नगर गाडलें गेलें. तेथें जळून कोळसा झालेली एक रोटी सांपडली आहे. ही क्विंटस ग्रॅनियस व्हेरस याचा दास सेलेर याची, अशा अर्थाचा ठसा तिच्यावर स्पष्ट उमटलेला आहे. एकाच भट्टींत अनेकांच्या रोट्या भाजल्या जात असतां आपली कोणती हें कळावें, एवढाच त्या ठशाचा हेतु असावा. म्हणजे हा ठसा शोभेचा नव्हे, मालकीचा. ज्याची स्वतःच्या देहावरही मालकी नव्हती अशा एका दासाचें नांव रोटीवर एकोणीसशें वर्षांहून अधिक काळ टिकून राहिलें, हें नवल आम्ही जातां जातां नमूद करतों.

ख्रिस्तमंडळानें ठशास निराळाच अर्थ दिला. लॅटिन विधींत मिस्साबलीसाठीं लागणारी भाकर केवळ गव्हाचें पीठ व पाणी यांची आणि बेखमीर असते. ती भाजण्याकरितां मध्ययुगांत एक खास उपकरण असे : लांब दांड्यांची लोखंडी सांडशी, आणि तिच्या टोंकास समोरासमोर मिटणारे दोन सपाट तवे. तव्याच्या आंतल्या अंगावर क्रूस, क्रुसावरील प्रभु, पास्काचें कोंकरूं किंवा येशूच्या नामाचीं अक्षरें कोरलेलीं असत. अक्षरें उलटीं कोरावीं लागत, कारण ओस्तीवर तीं सुलटीं उमटावयाचीं. पातळ भिजविलेलें पीठ तव्यावर ओतावयाचें, सांडशी मिटून निखाऱ्यावर धरावयाची, एकदां उलटावयाची, आणि उघडली कीं कागदासारखी पांढरी पापडी तयार. मग त्या पापडींतून धर्मगुरूसाठीं मोठी व भाविकांसाठीं लहान अशा गोल ओस्त्या कापून घ्यावयाच्या. ओस्त्या तयार करणाऱ्या धर्मभगिनींच्या मठांत आतां विजेचे तवे आले आहेत. पण क्रम पाहिला तर हाच आहे.

पिठाच्या पापडींतून ठराविक आकार धातूच्या धारेनें कापून काढणें ही जी क्रिया आमच्या मुलांस नाताळचा खेळ वाटते, ती वेदीच्या सेवेंत कित्येक शतकें चालत आली आहे, हें वाचकांनीं लक्ष्यांत घ्यावें. आणि कापणी आली कीं कातरण आलेंच. गोलाशेजारीं गोल कापले म्हणजे मधल्या फटींत तुकडे उरतात. त्यांचें काय करावयाचें? या कातरणाचें अर्पण झालेलें नसतें, तेव्हां तें खाण्यास कांहीं प्रत्यवाय नाहीं. स्पेन देशांत ओस्त्यांचें असें कातरण पुड्यांत भरून विकतात, आणि लोक तें आवडीनें खातात. पोळपाटाभोंवतीं उभीं राहून कापलेल्या ताऱ्यांपेक्षां उरलेल्या पिठावरच अधिक डोळा ठेवणारीं मुलें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस यांत आश्चर्य वाटणार नाहीं.

वेदीच्या या पापडीपासून मिठाईच्या ताटापर्यंतचें अंतर फार नाहीं. जर्मनींतील फ्रँकोनिया भागांत मध, मसाले व सुका मेवा घालून ‘लेबकुखेन’ नांवाचें एक पक्वान्न करतात. त्याचें पीठ एवढें चिकट कीं भाजतांना तें तळास धरून बसे. म्हणून ओस्तीसारख्याच पातळ पापडीवर त्याचा गोळा ठेवून भाजण्याची युक्ति मठवासीयांनीं काढली, असें मानतात. त्या पापडीस जर्मन भाषेंत आजही ‘ओब्लाटे’ म्हणतात, आणि त्या शब्दाचें मूळ अर्पिलेली वस्तु या अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे. उल्म नगरांत १२९६ सालीं व न्यूर्नबर्ग नगरांत १३९५ सालीं हें पक्वान्न करणाऱ्यांची नोंद सांपडते.

अशा पक्वान्नांवर चित्र उठविण्यासाठीं ठसे वापरीत ते कोरीव लांकडाचे, कधीं भाजलेल्या मातीचे. नासपतीसारख्या झाडाचें लांकूड घट्ट व बारीक कणांचें असतें; त्यांत कोंकराच्या लोंकरीचा एकेक वळसा कोरतां येई. झूरिक येथील स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयांत चवदाव्या शतकांतील असा एक गोल ठसा आहे. तो संत कातारीनेच्या मठांतील असून त्यावर पास्काचें कोंकरूं कोरलेलें आहे. ओस्तीच्या सांडशीवरचें कोंकरूं तेथून उतरून मठाच्या भोजनगृहांत आलें, असें म्हणण्याचा मोह होतो. या ठशाचें जें पक्वान्न, म्हणजे अंडीं, साखर व मैदा यांचें ‘श्प्रिंगेर्ले’, तें ठसा दाबल्याबरोबर भाजीत नाहींत. रात्रभर उघड्यावर सुकूं देतात. वरचा पापुद्रा सुकला म्हणजे भट्टींत गेल्यावर तो हालत नाहीं. आंतील पीठ फुगतें तें खालच्या अंगानें वर उचलतें, आणि चित्र जसेंच्या तसें राहतें. आमच्या भगिनींनीं ही युक्ति ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

हॉलंड व बेल्जम या देशांत संत निकोलसच्या सणास, म्हणजे डिसेंबरच्या ५ व ६ तारखांस, अशाच कोरीव फळ्यांवर दाबून मसाल्याचीं बिस्किटें करतात. फळीवर पुष्कळदां खुद्द संत बिशपांच्या पोषाखांत उभे असतात. पोलंडांतील टोरून नगरची मधाची वडी संत कातारीनेच्या नांवानें प्रसिद्ध आहे. तिचा आकार एकमेकांस चिकटलेल्या वर्तुळांचा असतो, आणि ती या संतेच्या सणाशीं, म्हणजे २५ नोव्हेंबरशीं, जोडलेली आहे. १४८७ सालीं सम्राट तिसरा फ्रेडरिक न्यूर्नबर्गांत असतां त्यानें नगरांतील सुमारें ४,००० मुलांस आपली छबी उठविलेलीं लेबकुखेन वांटलीं, अशी हकीकत सांगतात. मुलांस गोड मिळालें, सम्राटास प्रसिद्धि मिळाली. सौदा दोन्ही पक्षांस मानवला असावा.

परंतु छबी उठविणारे हे ठसे असत कोणाच्या हातांत? १६४३ सालीं न्यूर्नबर्गच्या लेबकुखेनवाल्यांस स्वतःचा निराळा संघ मिळाला. संघाबाहेरच्या माणसानें तो माल करून विकूं नये, हा अशा संघांचा दंडकच असे. ठसे कोरणें हेंही निष्णाताचें काम. चांगला ठसा पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवीत, आणि धनिक घराणीं त्यांवर आपलीं कुलचिन्हें कोरवून घेत. अशा ठशाचें मोल मोलमजुरीवर चालणाऱ्या घरांस कोठून परवडावें? कारागिरांच्या या कौशल्याबद्दल आम्हांस आदरच आहे. त्यांच्या ठशांइतकें सुंदर पत्र्याच्या सांच्यानें कधींच कांहीं निर्माण केलें नाहीं. पण सौंदर्य एकीकडे आणि सणाच्या दिवशीं मुलाच्या हातांत पडणारा तारा एकीकडे.

यांतून वाट निघाली ती कथलाच्या पत्र्यामुळें. नुसतें लोखंड गंजतें, तांबें-पितळ महाग. पण लोखंडाच्या पातळ पत्र्यास कथलाचा मुलामा दिला म्हणजे तो चकचकीत राहतो, सहसा गंजत नाहीं आणि हातानें वांकतो. कल्हईवाला पितळी पातेल्याच्या आंतून जें फिरवितो तेंच हें कथील. पत्र्यास असा मुलामा देण्याची विद्या बोहेमिया व सॅक्सनी यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखांत पूर्वींपासून होती, आणि तेथील लोक ती जपून ठेवीत. १६६७ सालीं अँड्र्यू यॅरंटन नांवाचा इंग्रज ती शिकून घेण्यासाठीं मुद्दाम सॅक्सनींत गेला. पुढें अठराव्या शतकांत वेल्समधील पाँटीपूल येथें हॅन्बरी घराण्याच्या कारखान्यांत, लोखंड घणानें ठोकून पातळ करण्याऐवजीं रुळांमधून लाटून त्याचा पत्रा काढूं लागले. लाटणें आणि पोळी यांचीच ही गोष्ट. पोळी तेवढी लोखंडाची. अशा रीतीनें एकसारखा व स्वस्त पत्रा बाजारांत आला.

येथें ठसा व सांचा यांतील भेद सांगितला पाहिजे. ठसा आंतील चित्र उठवितो : डोळा, लोंकर, वस्त्राची चुणी. सांचा नुसती बाह्यरेषा कापतो. कोंकराचें कोंकरूपण त्याला पाठीच्या बांकावरून आणि चार पायांवरूनच दाखवावें लागतें. ठशाला कोरक्या लागतो. सांच्याला पत्र्याची पट्टी वांकविणारे दोन हात पुरतात.

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत अठराव्या शतकांत जर्मन भाषा बोलणारे पुष्कळ शेतकरी जाऊन वसले. त्यांच्या वस्त्यांतून पत्र्याचें काम करणारे कारागीर हिंडत. कंदील, गाळणीं, डबे करून देत. काम झाल्यावर ज्या पट्ट्या उरत त्यांचे ते सांचे वळीत व पाठीस एक सपाट पत्रा झाळून देत. त्या पाठीस एक-दोन भोंकें असत. पीठ आंत अडकलें तर हवेला वाट व बोटानें ढकलावयास जागा हवी, हें त्यांचें प्रयोजन. त्या काळच्या सांच्यांत हृदय, पक्षी, घोडा, हरिण, तारा, ट्यूलिपचें फूल, टोपीवाला मनुष्य असे आकार आढळतात. कांहीं इतके ओबडधोबड आहेत कीं त्यांतील घोडा कोणता व कुत्रा कोणता हें ओळखतांना पाहणारा गोंधळून जावा. आम्हांस ते फार आवडतात.

१७९६ सालीं त्याच देशांतील हार्टफर्ड गांवीं अमेलिया सिमन्स या बाईंचें पाकशास्त्राचें पुस्तक छापलें गेलें. अमेरिकन माणसानें लिहिलेलें या विषयावरचें तें पहिलें पुस्तक समजतात. बाईंनीं मुखपृष्ठावर स्वतःस अनाथ म्हणविलें आहे. त्यांत नाताळच्या ‘कुकी’ची कृति आहे; हा शब्द डच लोकांच्या लहान केक या अर्थाच्या शब्दापासून आला. साहित्य असें : तीन पौंड मैदा, एक पौंड लोणी, दीड पौंड साखर, आणि चहाचा पेलाभर धन्याची बारीक पूड! आमच्याकडे धने आमटींत पडावयाचे. बिस्किटांत ते घालून पाहण्याचें धाडस कोणी भगिनीनें केल्यास आम्ही चव घेण्यास तयार आहों. पीठ पाऊण इंच जाड लाटून हव्या त्या आकारांत कापावें किंवा त्यावर ठसा मारावा, आणि मंद आंचेवर पंधरा-वीस मिनिटें भाजावें, असें बाई सांगतात. आरंभीं तीं कडक लागलीं तरी मातीच्या भांड्यांत घालून ठेवावीं, सहा महिन्यांनीं तीं अधिक नरम व चांगलीं होतात, असेंही त्या आश्वासन देतात. नाताळचीं बिस्किटें जेथें सहा महिने शिल्लक राहतात असें घर आमच्या पाहण्यांत नाहीं.

यापुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. एकोणिसाव्या शतकांत सांचे कारखान्यांतून निघूं लागले. १८७५ सालीं अलेक्झांडर ॲशबर्न या आफ्रिकन वंशाच्या अमेरिकन गृहस्थानें बिस्किटें कापण्याच्या एका उपकरणाची सनद घेतली. परंतु आमच्या विषयास अधिक महत्त्वाची सनद त्याच्या आधींची, १८१० सालची. त्या वर्षीं इंग्लंडांत पीटर ड्यूरंड यानें पत्र्याच्या डब्यांत अन्न टिकविण्याची सनद मिळविली. डबा उघडण्याचें हत्यार मात्र निघालें शतकाच्या मध्याच्या पुढें. तोंवर छिन्नी आणि हातोडा! आंतील अन्न संपलें कीं डबा उरे. पत्रा विकत न घेतां मालाबरोबर आपोआप घरांत येऊं लागला तो येथून.

आपल्या मुलखांत हें काम विशेषेंकरून रॉकेलच्या डब्यानें केलें, आणि त्याची एक मौजेची कथा आहे. अमेरिकेचें रॉकेल पूर्वेकडे येई तें निळ्या डब्यांत, एका लांकडी खोक्यांत दोन डबे याप्रमाणें. लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युएल यांनीं १८९२ सालीं ‘म्यूरेक्स’ नांवाचें टाकीचें जहाज काळ्या समुद्रावरील बाटूम बंदरांत रॉकेलनें भरलें व सुएझ कालव्यांतून पूर्वेकडे धाडलें. त्यांचा हिशेब असा कीं, सुटें तेल स्वस्त पडेल आणि गिऱ्हाईक आपलें भांडें घेऊन दारांत येईल. गिऱ्हाईक येईना. पूर्वेकडील लोकांस तेलाइतकाच डबाही हवा होता! निळ्या डब्याचा पत्रा छपरावर जाई, त्याचे पेले होत, गाळणीं होत, शेगड्या होत. तेव्हां सॅम्युएल यांस जहाजभर पत्रा पूर्वेकडे पाठवून जागोजाग डबे करवून घ्यावे लागले. त्यांचा रंग त्यांनीं तांबडा ठेवला. मोठमोठ्या व्यापाऱ्यांचे आंकडे गरिबाच्या काटकसरीनें असे चुकविले, हें वाचून आम्हांस समाधान वाटतें, तें आम्ही लपवीत नाहीं.

चार गॅलनांचा तो चौकोनी डबा आमच्या वडील मंडळींस परका नाहीं. दांडा ठोकला कीं तो पाणी वाहावयाची बादली होई. झांकण बसविलें कीं तांदळाची कोठी. उघडून सपाट केला कीं गोठ्याच्या छपरावरचें ठिगळ. त्याच्या कोपऱ्यांतून उरलेल्या पट्टीला कोणी हौसेनें तारा केलें असेल तर त्याची नोंद इतिहासांत राहिली नाहीं. अशा गोष्टींची राहतही नाहीं.

मात्र आमच्या स्वयंपाकघरांत घरचीच वस्तु सांच्याच्या जागीं वापरण्याची रीत मुळांतच आहे. वसई प्रांत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. गोव्यांत त्यांचा अंमल १९६१ पर्यंत राहिला. त्या सहवासांतून आणि आपल्या मूळच्या पाककलेंतून नाताळचा जो फराळ सिद्ध झाला, त्याचीं साधनें पाहावीं. कुलकुलाची गोळी नव्या फणीवर किंवा कांट्याच्या पाठीवर दाबून वळतात, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. नेवरीची कड फिरकीच्या कातणानें कापतात, तें नसलें तर बोटांनीं मुरड घालतात. पुऱ्या वाटीनें पाडतात. मार्झिपान बदामाऐवजीं काजूचें करतात व तें लहान सांच्यांत दाबतात. तळून काढावयाच्या गुलाबाच्या फुलांना तेवढा खरा ओतीव सांचा लागतो : तो आधीं तेलांत चांगला तापवावा, मग पिठांत बुडवावा, पण कांठ पिठाखालीं जाऊं देऊं नये; गेला तर फूल सांच्यास मिठी मारून बसतें आणि सुटत नाहीं. एवढा अपवाद सोडला तर फणी, कांटा, वाटी व बोटें यांवरच हा फराळ उभा आहे.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ च्या आरंभीं, मलाया व डच ईस्ट इंडीज जपानच्या हातीं पडलीं आणि कथलाचा मोठा पुरवठा तुटला. पत्रा दुर्मिळ झाला. युद्धानंतर प्लॅस्टिक आलें. प्लॅस्टिकचा सांचा स्वस्त, तो गंजत नाहीं, मुलांच्या हातास लागत नाहीं, हे त्याचे गुण आम्ही मान्य करतों. पण त्याची धार जाड असते, ती पीठ कापीत नाहीं, चेंगरते. शिवाय आकार कोणते? हिमकण, बर्फाचा मनुष्य, रेनडिअर जुंपलेली घसरगाडी. ज्यांच्याकडे डिसेंबरांत बर्फ पडतें त्यांनीं ते अवश्य कापावे. आमच्या मुलांनीं बर्फ पाहिलें आहे तें मासळीच्या टोपलींत. त्यांच्या नाताळच्या ताटांत होडी, पापलेट, माड, देवळाचा मनोरा व त्यावरील क्रूस, गोठ्यांतील बैल असावयास काय हरकत आहे? हे आकार पेटींत मिळणार नाहींत. ते आपले आपणच वळावे लागतील. वळणें कठीण नाहीं, म्हणून त्याची रीत येथें देतों.

आधीं आकार पुठ्ठ्यावर काढून कापावा. घाई असेल तर येथेंच थांबून पुठ्ठा पिठावर ठेवावा व कडेनें सुरी फिरवावी. दहा-बारा बिस्किटांस तेवढें पुरे. अधिक करावयाचीं तर पत्रा घ्यावा. रॉकेलचा, रंगाचा किंवा औषधाचा डबा याकामीं कधींही घेऊं नये. खाण्याच्या पदार्थाचा, आंतून स्वच्छ असा डबा घ्यावा. हातांत जाड मोजे घालून, पत्र्याच्या कात्रीनें सुमारें दीड इंच रुंद व फूटभर लांब पट्टी कापावी. एक लांब कड पावइंच दुमडून पक्कडीनें दाबून टाकावी. हा भाग अंगठ्याखालीं यावयाचा. दुमडली नाहीं तर सांचा पिठाआधीं हात कापील. दुसरी कड तशीच राहूं द्यावी, पण कानशीनें तिचे कांटे काढावे. छपाई असलेली बाजू बाहेर ठेवावी. मग पट्टी पुठ्ठ्याच्या कडेकडेनें वांकवीत न्यावी : मोठा बांक लाटण्यावर, लहान बांक पेन्सिलीवर, कोपरा पक्कडीच्या चोंचींत. आरंभ सरळ भागापासून करावा, म्हणजे शेवटचा सांधा सरळ भागावर येतो. तेथें दोन्ही टोंकें अर्धा इंच एकमेकांवर आणून, आंकड्यासारखीं एकमेकांत दुमडून चेपावीं किंवा दोन लहान रिवेट मारावे. झाळूं नये. जुन्या झाळकामांत शिसें असे, आणि शिसें पोटांत जाणें मुलांस किती घातक आहे हें आतां सर्वांस ठाऊक आहे. जुना झाळलेला सांचा घरांत असेल तर तो भिंतीवर शोभेस टांगावा. पत्रा हाताळण्याचें धैर्य नसेल तर केक भाजण्याच्या ॲल्युमिनमच्या पातळ ताटलीची पट्टी तीन पदरीं दुमडून घ्यावी. ती लवकर वांकडी होते, पण एक नाताळ निभावते.

आकार निवडतांना पुठ्ठ्यावरच विचार करावा. बोटापेक्षां अरुंद मान किंवा पाय ठेवला तर तो उचलतांनाच तुटतो, न तुटला तर भाजतांना आधीं करपतो. ताऱ्याचीं टोंकें फार लांब करूं नयेत; माडाचीं पानें तीन-चारच असावीं. पापलेटासारखा सोपा व ओळखूं येणारा दुसरा आकार नाहीं. पिठांत सोडा कमी असावा, नाहींतर भाजल्यावर बैलाची म्हैस होते. आणि श्प्रिंगेर्लेवाल्यांची युक्ति येथें कामास येते : कापलेले आकार लगेच न भाजतां पाऊण तास थंड जागीं, हल्लीं शीतकपाट असेल तर त्यांत, ठेवावे, लोणी आळतें, कड बसते, आणि मग भट्टींत ती कमी पसरते. सांचा दर वेळीं मैद्यांत बुडवून झटकावा, सरळ दाबावा, पिळूं नये. कातरण गोळा करून पुन्हां लाटावें, पण दोनदांहून अधिक नव्हे, कारण पीठ चिवट होतें. तिसऱ्या वेळचा गोळा भोंवतीं ताटकळत बसलेल्यांच्या हवालीं करावा.

काम झाल्यावर सांचा पाण्यांत भिजत ठेवूं नये. मुलामा पत्र्याच्या दोन्ही अंगांस असतो, कापलेल्या धारेस नसतो, आणि गंज तेथूनच शिरतो. धुऊन, पुसून, निवत्या चुलीवर कोरडा करावा, जुन्या सुती फडक्यांत गुंडाळावा, आणि घट्ट झांकणाच्या डब्यांत पुठ्ठ्यासकट ठेवावा, म्हणजे पुढल्या वर्षीं वांकडा झालेला मासा त्या पुठ्ठ्याभोंवतीं पुन्हां सरळ करतां येतो.